लाल दिवा, छत्री, चिमटा: डुकराच्या पिल्लांसाठीचं ‘ब्रूडर किट’ घ्यावं का?

वराहपालनाचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘पिगलेट ब्रूडर किट’, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचं सामान, म्हणून जे विकतात, त्यात बहुतेक वेळा चारच वस्तू निघतात: २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्ब, बल्बवर बसणारी ॲल्युमिनियमची छत्री, स्प्रिंगचा चिमटा आणि दीड-दोन मीटर वायर. काही विक्रेते वरून दात कापायचं कटर आणि आयोडीनची बाटली टाकतात. आधीच सांगून टाकतो. बल्ब कामाचा आहे, छत्री बघून घ्यावी, चिमटा आणि वायर बाजूला ठेवावी. आणि ज्या वस्तूवर सगळं अवलंबून आहे, ती म्हणजे पिल्लांचा झाकणवाला खोका, किटमध्ये नसतेच. ती सुताराकडून किंवा घरीच करून घ्यायची. खोका असेल तर २५० वॅटचीही गरज उरत नाही, १७५ मध्ये भागतं.

पिल्लू ३९ अंशांच्या गर्भातून ओलंचिंब बाहेर पडतं. अंगावर केस नसल्यात जमा, कातडीखाली चरबी नाही, आणि कोकराला किंवा वासराला जन्मतः असते तशी उष्णता देणारी तपकिरी चरबीही नाही. पहिल्या अर्ध्या तासातच अंगाचं तापमान दीड-दोन अंश उतरतं. भोवतालची हवा ३४ अंशांच्या खाली असली की पिल्लू यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर जाळायला लागतं, आणि तो साठा जेमतेम एक दिवसाचा असतो. गारठलेलं पिल्लू सुस्त होतं, सड शोधायला उशीर करतं, चीक कमी पितं, आईच्या कुशीला ऊब घेत पडून राहतं आणि ती कूस बदलते तेव्हा वेळेत हलत नाही. नोंदवहीत मग ‘दबून मेलं’ असं लिहिलं जातं. मूळ कारण बऱ्याचदा थंडी असते.

अडचण अशी की मादीला १८ ते २२ अंश बरे वाटतात. २५ च्या वर गेलं की ती धापा टाकते, खाणं कमी करते आणि दूध घटतं. म्हणजे एकाच कप्प्यात दोन हवामानं सांभाळायची आहेत. सगळं शेड तापवून हे होत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच. पिल्लांचा कोपरा तेवढा ३२ ते ३४ अंशांवर ठेवायचा आणि मादीच्या अंगावर झळ जाऊ द्यायची नाही. किट या कसोटीवर तपासायचं.

बल्ब

बाजारात दोन घडणींचे बल्ब मिळतात. एक फुंकलेल्या पातळ काचेचा, १२५ मिलिमीटर व्यासाचा, फुगीर. त्याला आर-१२५ म्हणतात. १५० आणि २५० वॅटचे बहुतेक बल्ब याच घडणीचे. दुसरा साच्यात दाबून केलेल्या जाड काचेचा, पार-३८. १०० आणि १७५ वॅटमध्ये मिळतो, हातात घेतला तर जड लागतो. फिलिप्ससारख्या कंपन्या दोन्ही बनवतात. फरक कळतो तो शेडमध्ये पाणी मारताना. पातळ काचेच्या तापलेल्या बल्बवर चार थेंब उडाले की काच तडकते, तुकडे पिल्लांच्या अंथरुणात पडतात. जाड काच असे शिंतोडे सोसते. स्वस्त किटमध्ये सहसा पातळ काचेचा बल्ब असतो, आणि तो वाईट नाही; फक्त तो लावलेल्या कप्प्यात पाइपने पाणी मारायचं नाही, झाडून घ्यायचं. ज्यांच्याकडे रोज पाण्यानेच शेड धुतात, त्यांनी जाड काचेवर पैसे घालावेत.

लाल की पांढरा, हा वाद विक्रेते फार रंगवतात. उष्णता दोन्हींची जवळपास सारखीच. लाल काच डोळ्यांना दिसणारा बराचसा उजेड अडवते, त्यामुळे रात्री मादी शांत पडते, पिल्लंही निवांत झोपतात. खोक्याला झाकण असेल आणि उजेड बाहेर फारसा येत नसेल, तर पांढरा घेऊनही काही बिघडत नाही, आणि तो स्वस्त पडतो.

वॅटचा हिशोब सरळ आहे. २५० वॅट चोवीस तास चालला तर ६ युनिट, १७५ वॅट तर ४.२ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर रोजचे ४८ रुपये आणि साधारण ३४ रुपये. एका वेतामागे दहा दिवस पूर्ण वेळ दिवा लागतो, त्यानंतर रात्रीपुरता. दहा मादींच्या शेडमध्ये हा फरक बिलावर दिसतो. शिवाय दहा दिवे म्हणजे अडीच किलोवॅट, अकरा अँपिअर. घरातून ओढलेल्या एका बोर्डावर इतका भार टाकायचा नाही. वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी. ओल्या जमिनीवर, लोखंडी पिंजऱ्याजवळ आणि दोनशे किलोच्या जनावराशेजारी वीज वापरायची आहे.

चांगल्या इन्फ्रारेड बल्बचं आयुष्य सुमारे ५,००० तास छापलेलं असतं. गावाकडे एवढं क्वचित मिळतं, आणि दोष नेहमी बल्बचा नसतो. शेतपंप बंद झाले की त्याच ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज चढतं; २३० ऐवजी २५० च्या पुढे गेलं की तंतू जास्त तापतो. व्होल्टेज दहा टक्के वाढलं तर बल्बचं आयुष्य सुमारे एक तृतीयांशावर येतं. उलट व्होल्टेज १८० ला उतरलं की २५० वॅटचा दिवा १७० वॅटच्या आसपासच देतो, आणि नेमकी ती थंडीची रात्र असू शकते. महिन्याला बल्ब उडत असेल तर दुकानदाराशी भांडण्याआधी रात्री अकराला एकदा मीटर लावून बघा. बल्ब चालू असताना हलवणं, छत्रीला धक्का लागणं यानेही तंतू तुटतो. दोन बल्ब कायम शिलकीत असावेत, कारण तो उडतो तेव्हा दुकान बंद असतं.

एक सावधगिरी ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांसाठी. ‘लाल हीट लॅम्प’ नावाखाली लाल एलईडी बल्बही विकले जातात, ‘२५० वॅटच्या बरोबरीचा’ असं लिहून. ती बरोबरी उजेडाची. एलईडीखाली पिल्लाला ऊब मिळत नाही. वर्णनात प्रत्यक्ष वीजवापर बघा. ९ किंवा १५ वॅट लिहिलं असेल तर तो बल्ब अंगणात लावायचा. कंबर शेकायला घरी आणलेला १५० वॅटचा लाल दिवा मात्र अडीनडीला चालतो. तोही इन्फ्रारेडच असतो, पण त्याचा झोत अरुंद असतो आणि स्टँड प्लास्टिकचा. एक-दोन अशक्त पिल्लांपुरता, समोर बसून वापरायचा.

छत्री, होल्डर आणि तो चिमटा

किटमधली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे चिमटा. पिंजऱ्याच्या पाइपला चिमटा लावून दिवा टांगलेला फोटो पाकिटावर असतो. मादी पाइपला अंग घासते, चिमटा सरकतो, दिवा पेंढ्यात पडतो. शेडला आग लागायला एवढं पुरेसं आहे. चिमटा काढून टाका. छत्रीला दोन कडे बसवा, दोन वेगळ्या साखळ्या छताच्या पाइपला किंवा वाशाला हुकाने अडकवा. एक सुटली तरी दुसरी दिवा जमिनीपासून हातभर वर धरून ठेवते, अशा लांबीची असावी. वायरवर वजन येता कामा नये.

होल्डर चिनी मातीचाच हवा. काळ्या प्लास्टिकचा किंवा बॅकेलाइटचा होल्डर २५० वॅटच्या बल्बला काही दिवसांत करपतो. आधी जळका वास येतो, मग आतली पितळी पट्टी सैल होते, ठिणग्या पडतात. किट घेताना बल्ब काढून होल्डरच्या आत बघा. छत्रीला वरच्या बाजूला भोकं असावीत, नाहीतर गरम हवा होल्डरपाशी कोंडते. पुढे जाळी असलीच पाहिजे. नसेल तर ती छत्री घेऊ नका. छत्रीचा व्यास २२ ते २५ सेंटीमीटर पुरे, बल्बचं तोंड छत्रीच्या कडेच्या बाहेर येऊ नये.

किटबरोबरची वायर सहसा पातळ, पीव्हीसीची असते. होल्डरपासूनची पहिली अर्धा मीटर वायर उष्णता सोसणारी, फायबरग्लासच्या नळीतली किंवा सिलिकॉनची घ्या. पुढे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लोखंडी पाइपातून न्या. डुकरं वायर चावतात हे सगळ्यांना माहीत असतं. उंदीर चावतात हे विसरलं जातं. छत्रीवर जमलेली जळमटं आणि खाद्याची धूळ दर वेताआधी, दिवा थंड असताना, कोरड्या फडक्याने पुसा. ती पेट घेते.

जो खोका किटमध्ये नाही

उघड्या कप्प्यात छताला टांगलेला २५० वॅटचा दिवा जमिनीवर हातभर व्यासाचं गरम वर्तुळ करतो. बाकी उष्णता वर जाते. त्या वर्तुळात बारा पिल्लं मावत नाहीत, कडेची थंडीत राहतात, आणि वाऱ्याची झुळूक आली की मधल्यांनाही ती लागते. पिल्लाच्या उंचीवर अगदी मंद, सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाचा वारा असला तरी पिल्लाला तापमान सुमारे चार अंशांनी कमी भासतं. ओली फरशी पाच ते दहा अंश आणखी खेचते. कोरडा पेंढा उलट चारेक अंश देतो. दिव्याच्या वॅटपेक्षा हे आकडे मोठे आहेत, म्हणून खोक्यावर इतका जोर.

दहा-बारा पिल्लांसाठी खोक्याचं माप: लांबी १२० सेंटीमीटर, रुंदी ६०, उंची ६०. भिंती आणि झाकण १२ ते १९ मिलिमीटर प्लायचे. झाकणाला बिजागरी, म्हणजे उचलून आत बघता येतं. झाकणात, मधोमध नव्हे, मागच्या बाजूला सरकवून दिव्यासाठी गोल भोक पाडा, छत्रीच्या व्यासापेक्षा चार सेंटीमीटर मोठं, आणि भोकाच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका, नाहीतर प्लाय हळूहळू काळा पडतो. दिवा मागे सरकवण्याचं कारण असं की पुढचा भाग थोडा थंड राहतो आणि पिल्लांना निवड करता येते. समोर २५ सेंटीमीटर उंचीचं दार, त्यावर गोणपाटाच्या किंवा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. पहिले दोन दिवस पट्ट्या वर गुंडाळून ठेवा. पिल्लांना आतला उजेड दिसला पाहिजे, तरच ती आत शिरतात.

तळ हवाच. प्लायचा तुकडा खाली दोन पट्ट्या ठोकून जमिनीपासून उचललेला, किंवा जाड रबरी मॅट, त्यावर भाताचा बारीक केलेला कोरडा पेंढा पाच सेंटीमीटर. लाकडाचा अगदी बारीक भुसा पहिले दोन दिवस नको; तो ओल्या नाळेला आणि नाकपुड्यांना चिकटतो. आत खाद्याचं भांडं ठेवायचं नाही, दिव्याखाली खाद्य खवट होतं. पाण्याचं उथळ भांडं खोक्याबाहेर, पण जवळ. दिव्याखाली झोपणारी पिल्लं पाणी मागतात, हगवण लागलेली तर जास्तच.

खोका मादीच्या मागच्या अंगाला नाही, बाजूला, कासेच्या अंगाला लावा. विणीचा लोखंडी पिंजरा असेल, साधारण २१० ते २२० सेंटीमीटर लांब आणि ६० ते ६५ रुंद, तर बाजूच्या ४५ सेंटीमीटर पट्टीत १२० बाय ६० चा खोका मावत नाही. तिथे १५० बाय ४० करावा. पिंजरा नसेल तर भिंतीला जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर वर आणि भिंतीपासून तितकाच पुढे पाइप बसवा, आणि खोक्यापुढे उभे गज लावा, नाहीतर मादी पहिल्याच रात्री खोका उलटा करते.

उंची आणि ऊब मोजणं

पाकिटावर ‘१८ इंच’ एवढंच छापलेलं असतं. कुठून कुठवर, ते नसतं. १७५ वॅटचा दिवा झाकण असलेल्या खोक्यात पिल्लाच्या पाठीपासून ४५ सेंटीमीटरवर, २५० वॅटचा ६० वर, इथून सुरुवात करा. ६० सेंटीमीटर उंच खोक्यात २५० वॅट बसवायचा तर दिवा झाकणाच्या वर जातो, म्हणूनही १७५. मादी विण्याच्या एक दिवस आधी दिवा लावून तळ कोरडा आणि गरम करून ठेवा. गाभण काळ ११४ दिवसांचा, त्यामुळे तारीख लिहिलेली असेल तर अंदाज चुकत नाही. सडांतून चीक पिळून येऊ लागला की चोवीस तासांच्या आत मादी विते.

तापमान पेंढ्यावर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला मोजा, दिव्याच्या थेट झोतात नाही. पहिले तीन दिवस ३२ ते ३४, मग आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २६-२८ पर्यंत. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. एकमेकांवर ढीग करून, पोटाखाली पाय घेऊन बसली तर थंडी आहे. दिव्याखालची जागा रिकामी सोडून कडेला पांगली, धापा टाकत असली, किंवा खोक्यात हगू-मुतू लागली तर उष्णता जास्त आहे. गरम झालेलं पिल्लू अंग ओलं करून घ्यायला बघतं. कुशीवर, पाय सैल सोडून, एका थरात शेजारीशेजारी झोपली की दिवा तिथेच राहू द्या. पाठीवर किंवा कानांवर लाल चट्टे दिसले तर दिवा खाली आलाय.

उष्णता कमी-जास्त करायला काही जण पंख्याचा रेग्युलेटर लावतात. तो शंभरेक वॅटसाठी असतो आणि जळतो. त्यापेक्षा चारशे वॅटच्या वरचा डिमर घ्या, किंवा इलेक्ट्रिशियनकडून दोन बटणांचं साधं जोडकाम करून घ्या: एक बटण सरळ, दुसरं १एन५४०८ डायोडमधून (हा वीज एकाच दिशेने जाऊ देतो). डायोडमधून गेल्यावर दिवा साधारण साठ टक्क्यांवर चालतो. दिवसा अर्धा, रात्री पूर्ण. अंडी उबवणी यंत्राला वापरतात तो, तापमान बघून दिवा आपोआप चालू-बंद करणारा एसटीसी-१००० थर्मोस्टॅटही चालतो. त्याचा रिले, म्हणजे आतला स्विच, दहा अँपिअरचा असल्याने दोन-चार दिवे सहज घेतो. फक्त त्याचा सेन्सर दिव्याच्या समोर येऊ देऊ नका. खोक्याच्या बाजूच्या भिंतीला, पंधरा सेंटीमीटर उंचीवर, भोकं पाडलेल्या नळीत बसवा. नाहीतर सेन्सर तापतो, दिवा बंद होतो आणि पिल्लं थंडीत राहतात.

वीज गेली की

किटच्या जाहिरातीत लोडशेडिंगचा उल्लेख नसतो. घरातल्या १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर २५० वॅटचा एक दिवा साधारण पाच तास, १७५ वॅटचा सात तास चालतो. रोज असं केलं तर बॅटरी लवकर बसते. झाकण असलेला खोका इथेही कामाला येतो, वीज गेल्यावर झाकण लावून, भोकावर गोणपाट टाकून, पट्ट्या सोडल्या की पिल्लांची स्वतःची ऊब बराच वेळ आत टिकते. जोडीला पाच लिटरचे दोन कॅन, ५० ते ६० अंशांचं पाणी भरून, दुहेरी गोणपाटात गुंडाळून आत ठेवा. वीज परत येताच गोणपाट भोकावरून काढायचं, हे दिवा लावणाऱ्याला बजावून ठेवा. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये कधीही नाही. तिच्या धुराने पिल्लंही मरतात आणि राखणदारही.

दुसरे पर्याय

रबरी हीटिंग मॅट ६० ते १०० वॅटमध्ये भागवते, उजेड नाही, आगीचा धोका कमी. पण ती खालून ऊब देते. नुकतंच जन्मलेलं ओलं पिल्लू सुकवायला दिवाच बरा. मादीच्या तोंडाला वायर लागली तर मॅट गेली. मोठ्या फार्मला, पहिल्या तीन दिवसांनंतर दिव्याऐवजी मॅट, ही जोडी परवडते. चिनी मातीचा उजेड न देणारा हीटर १०० ते १५० वॅटमध्ये मिळतो, पाण्याच्या शिंतोड्याने फुटत नाही, पण तापायला वेळ घेतो आणि लाल दिसत नसल्याने चालू आहे की नाही कळत नाही. हात भाजतो तेव्हा कळतं. कोंबड्यांचा गॅस ब्रूडर एका-दोन वेतांसाठी महागात पडतो आणि वायुवीजन चुकलं तर घातक.

गोव्याच्या अगोंदा गोवनसारख्या देशी जाती पाळणाऱ्यांना एवढा थाट लागत नाही. पिल्लं लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विदेशी जातीपेक्षा लहान, वेतही लहान. लहान अंग लवकर गारठतं हे खरं, पण ९० बाय ५० च्या खोक्यात १०० वॅटचा पार-३८ पुरतो. कोकण-गोव्यात थंडीपेक्षा पावसाळ्यातली ओल भारी, तिथे पेंढा रोज बदलणं बल्बपेक्षा महत्त्वाचं. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी दिवा बंदच ठेवा आणि मादीवर पाण्याचे थेंब सोडा, खोक्यापासून लांब.

दिव्याने न सुटणारं

पहिले चोवीस तास पिल्लं दिव्याकडे फारशी जातच नाहीत, कासेलाच चिकटून असतात. हा दिव्याचा दोष नाही. म्हणून पहिल्या दिवशी मादीच्या मागेही एक दिवा लावावा, आणि जन्मलं की पिल्लू कोरड्या गोणपाटाने पुसून, नाक-तोंड साफ करून, नाळ पोटापासून तीन-चार सेंटीमीटरवर बांधून-कापून आयोडीनमध्ये बुडवून, सरळ सडाला लावावं. डुकराच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लात जात नाहीत, ती चिकातूनच येतात, आणि चोवीस तासांनी आतडं ती शोषणं थांबवतं. प्रत्येक पिल्लाला पहिल्या दिवसात सुमारे २५० मिलिलिटर चीक मिळाला पाहिजे. बारा-चौदाचं वेत असेल तर पोट भरलेली मोठी पिल्लं तासभर खोक्यात कोंडा, दारापुढे फळी लावा आणि लहानांना कास मोकळी द्या. नुसता टांगलेला दिवा हे काम करू शकत नाही. मादी खाद्याला उठते तेव्हाही सगळी आत कोंडली तर दबण्याचे प्रकार कमी होतात.

गारठून लुळं पडलेलं पिल्लू मिळालं तर नळीने दूध घालायची घाई नको. आधी ४० अंशांच्या कोमट पाण्यात मानेपर्यंत दहा मिनिटं धरा, पुसा, दिव्याखाली ठेवा, चोखायला लागलं की मग १० ते २० मिलिलिटर चीक. थंड पोटात गेलेलं दूध पचत नाही, श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू जातं.

दहा-बारा दिवसांनी पिल्लं फिकट दिसतात, कान पांढरे पडतात, दिव्याखालून हलत नाहीत. तेव्हा दिवा खाली घेऊ नका. ते लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागतं, आईच्या दुधातून एकच मिळतं. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान, म्हणजे लोहाचं इंजेक्शन, मानेच्या स्नायूत, किंवा चौथ्या आणि चौदाव्या दिवशी शंभर-शंभर. बाटलीवरची ताकद वाचा; मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या बाटलीतले २ मिलिलिटर म्हणजे शंभर, १०० किंवा २०० मिलिग्रॅमच्या बाटलीत हिशोब बदलतो.

किटबरोबर फुकट आलेलं दात कापायचं कटर बहुतेक वेळा बोथट असतं. पिल्लाचे आठ सुळ्यासारखे दात सरसकट कापायची गरज नाही. कास फाटत असेल किंवा पिल्लं एकमेकांची तोंडं रक्ताळत असतील तरच, आणि तेही टोकाचा एक तृतीयांश. बोथट कटरने दात चिरतो, हिरडी सुजते, सांधे सुजतात, आणि तेच पिल्लू दूध प्यायचं थांबतं. कटर वेगळं, चांगलं घ्या, दर वेताआधी उकळा.

आता घ्यावं का. एक-दोन मादी असतील तर पूर्ण किट घेण्यापेक्षा जाड काचेचा १७५ वॅटचा बल्ब, चिनी मातीचा होल्डर आणि जाळीची छत्री सुटी घ्या, वाचलेल्या पैशांत प्लाय आणा. पाच मादींच्या वर असाल तर सगळे खोके एका मापाचे करा, म्हणजे झाकणं आणि छत्र्या अदलाबदल होतात, आणि दर चार दिव्यांमागे एक डायोडचं बटण पुरतं. बंद पडलेल्या फार्मवरून वापरलेले दिवे, मॅट आणि पिंजरे स्वस्तात मिळतात. भारतात २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग आलेला असल्याने तिथली जनावरं कशाने गेली हे विचारल्याशिवाय ते आणू नका. आणलेच तर लाकडी आणि कापडी सामान जाळून टाका, लोखंड घासून, साबणाने धुऊन, जंतुनाशक मारून उन्हात ठेवा, आणि होल्डर व वायर नवीनच लावा.